मूल ‘पडले’ असे सांगतात तेव्हा...

जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात १७ वर्षांची एक मुलगी मृत्युमुखी पडली. ती बारावीत शिकत होती. दहावीला तिला नव्वद टक्क्यांच्या वर गुण होते आणि डॉक्टर होण्यासाठी ती ‘नीट’ परीक्षेची तयारी करत होती. सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून वडिलांनी तिला जात्याच्या लाकडी खुंट्याने मारले, अशी फिर्याद तिच्या आईनेच पोलिसांत दिली. वडील एका शाळेचे मुख्याध्यापक. त्यांना अटक झाली, न्यायालयासमोर उभे करण्यात आले आणि न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. ही सुनावणी वर्तमानपत्रांत आली तेव्हा आपल्या जळगाव-धुळ्याकडेही तिची चर्चा झाली. दवाखान्यात बसलेल्या मंडळींपैकी कोणी म्हणाले, “बाप रागावला असेल, पण मारायचे म्हणून थोडेच मारले असेल?” कोणी म्हणाले, “असल्या बापाला जन्मठेपच हवी.”

आरोप सिद्ध होतो की नाही हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. तुमचे-माझे ते काम नाही. मुलीचे नाव व गावही मी मुद्दाम देत नाही. अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख छापू नये, असे बाल न्याय कायद्याचे कलम ७४ सांगते. परंतु त्या बातमीतील एका वाक्याजवळ डॉक्टर म्हणून मी थांबलो. मुलीला रुग्णालयात नेले तेव्हा ‘बाथरूममध्ये पडली’ असे सांगण्यात आले होते, असे त्या वेळी छापून आले. शवविच्छेदनात मात्र डोक्याला आणि अंगावर अनेक ठिकाणी मार आढळला.

हे वाक्य प्रत्येक डॉक्टरच्या ओळखीचे आहे. आमच्या खान्देशात ते असे येते : “डाक्टर, पोऱ्या पडी ग्या.” बहुतेक वेळा ते शंभर टक्के खरे असते. मुले पडतातच. पण कधीकधी ते खरे नसते. अशा वेळी न्यायालयापर्यंत प्रकरण जाण्याच्या कितीतरी आधी ते ओळखण्याची संधी डॉक्टरला, शिक्षकाला, आत्या-मावशीला आणि शेजाऱ्याला मिळालेली असते. न्यायालय घडून गेल्यानंतरचे पाहते. आधीचे पाहणे आपल्याच हाती असते. म्हणून आज या विषयावर.

खरे पडलेले मूल कसे दिसते?

मूल चालू-पळू लागले की पुढच्या बाजूने पडते. त्यामुळे गुडघे, नडगी, कोपर, तळहात, कपाळ, हनुवटी अशा हाडाच्या पुढे आलेल्या जागी खरचटते, टेंगूळ येते, काळे-निळे होते. नडगीवर चार-पाच जुने-नवे डाग नसतील तर तो मुलगा खेळतो की नाही, अशी उलट मला शंका येते!

काही जागा मात्र सहसा पडून दुखावत नाहीत. कान, गाल, मान, पाठ, पोट, ढुंगण, मांड्यांची आतली बाजू आणि दंडाची आतली बाजू या त्या जागा. कान आणि मान तर खांदा व डोके यांच्यामध्ये झाकलेली असतात. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर काळे-निळे डाग दिसले, तर डॉक्टरने दोन प्रश्न जास्त विचारावेत, असे बालरोगशास्त्र सांगते. चार महिन्यांखालचे बाळ तर पालथेही नीट होत नाही. त्याच्या अंगावर असा एकही डाग दिसला तर कारण शोधलेच पाहिजे. जे मूल अजून सरकत नाही, ते स्वतःला कसे लागवून घेईल?

डागाचा आकारही बोलतो. काठीचा वळ रुळांसारखा असतो : दोन समांतर लाल रेषा आणि मध्ये फिकट पट्टा. पट्ट्याच्या बकलाचा, दोरीच्या वेटोळ्याचा, पाच बोटांचा ठसा ज्याचा तो वेगळा असतो. भाजल्याचेही तसेच आहे. चहाचा कप मुलाने स्वतः ओढला तर चेहरा, छाती, हात असे वेडेवाकडे शिंतोड्यांचे भाजते. उकळत्या पाण्यात मुलाचे पाय कोणी धरून बुडवले असतील, तर मोजा घातल्यासारखी दोन्ही पायांवर सारख्या उंचीची स्वच्छ रेघ दिसते.

एक गैरसमज येथेच दूर करतो. डागाच्या रंगावरून, म्हणजे निळा, हिरवा, पिवळा यावरून, मार नेमका किती दिवसांपूर्वीचा हे सांगता येते असे पुष्कळांना वाटते. ते तितके खात्रीने सांगता येत नाही. त्यावरून कोणी छातीठोक तारीख सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

हकिकत आणि वय

डॉक्टर जखम पाहतो, पण त्याहून जास्त तो हकिकत ऐकतो. तीन महिन्यांचे बाळ ‘स्वतःच पाळण्यातून चढून पडले’ असे सांगितले गेले, तर हकिकत आणि वय जुळत नाही. आई एक सांगते, आजी दुसरे सांगते आणि तासाभराने दोघी तिसरेच सांगतात, तेव्हा प्रश्न पडतो. हात मोडून दोन दिवस झाले आणि आज दाखवायला आणले. दरवेळी नवा दवाखाना, नवा डॉक्टर. मूल बापाकडे पाहून मगच बोलते, किंवा बोलतच नाही. यातली एखादी गोष्ट दिसली म्हणून काही सिद्ध होत नाही. शेतीच्या हंगामात माणसे उशिरा येतात, पैसे नसले तर उशिरा येतात, हे मला चांगले माहीत आहे. पण तीन-चार गोष्टी एकत्र आल्या की डॉक्टरने पेन खाली ठेवून मुलाकडे नीट पाहावे.

‘थोडेसे मारले’ म्हणजे किती?

“ढुंगणावर मारले तर काही होत नाही, तिथे मांसच असते,” असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. हे खरे नाही. काठीने मांड्यांवर आणि ढुंगणावर फार मारले तर स्नायूंच्या आत रक्त साठते. वरून फक्त सूज दिसते. दुखावलेल्या स्नायूंमधून निघालेले द्रव्य मूत्रपिंडात अडकते, लघवी कोकमच्या सरबतासारखी होते, मग बंद होते. अशाने जीव जाऊ शकतो. मार खाल्ल्यानंतर मुलाची लघवी लाल-तपकिरी झाली किंवा कमी झाली, तर एक तासही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे.

डोक्याच्या माराचे तर विचारूच नका. कवटी न फुटताही आत मेंदूवर रक्त साठू शकते. मूल सुरुवातीला बोलते, झोपते आणि मग उठत नाही. मार कसाही लागलेला असो, उलट्या, झोपाळूपणा, आकडी, बोलण्यात गोंधळ, एक बाहुली मोठी दिसणे यांपैकी काहीही दिसले तर ‘झोपू द्या, सकाळी बघू’ असे म्हणू नका.

‘कानाखाली वाजवणे’ हा तर आपल्या बोलीतला साधा वाक्प्रचार. त्या एका चपराकीने कानाचा पडदा फाटतो. असे कितीतरी कान मी पाहिले आहेत. मुलगा सांगतो, “कानात शिट्टी वाजते, एका बाजूने ऐकू येत नाही.” घरच्यांनी तोपर्यंत गरम तेल सोडलेले असते. तेल सोडू नये, पाणी जाऊ देऊ नये, कान कोरडा ठेवावा. बहुतेक पडदे काही आठवड्यांत आपोआप भरून येतात. काही येत नाहीत, मग शस्त्रक्रिया करावी लागते.

आणि सर्वांत धोक्याचे म्हणजे तान्ह्या बाळाला गदगदा हलवणे. बाळाचे डोके जड, मान लेची, मेंदू मऊ. रागाने धरून झटके दिले तर मेंदूभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या तुटू शकतात, डोळ्यांच्या पडद्यात रक्त उतरू शकते. बाहेरून ओरखडाही नसतो. रात्रभर रडणारे बाळ आणि चार रात्री न झोपलेली आई किंवा बाप, एवढ्यावर ही घटना घडते. त्यासाठी राक्षस असावे लागत नाही.

डॉक्टरांनाही उशिराच दिसले

आई-बापच मुलाला इजा करतात हे मान्य करायला डॉक्टर मंडळींनाही फार वेळ लागला. फ्रान्समधील न्यायवैद्यक तज्ज्ञ आंब्रुआझ तार्दिये यांनी १८६० मध्ये अशा मुलांवर लिहिले. कोणी फारसे लक्ष दिले नाही. अमेरिकेतील जॉन कॅफी या डॉक्टरांनी १९४६ मध्ये सहा तान्ह्या मुलांची नोंद केली. त्यांच्या डोक्यात रक्त साठले होते आणि हातापायांची लांब हाडे मोडली होती, पण घरचे कोणी अपघात सांगत नव्हते. त्यानंतर १९६२ मध्ये हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मार खाल्लेल्या बालकाची लक्षणे’ या अर्थाचा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे जगभरच्या डॉक्टरांचे डोळे उघडले. एक्स-रेमध्ये वेगवेगळ्या वेळी मोडलेली आणि वेगवेगळ्या टप्प्यांत जुळलेली हाडे दिसत होती. हाडे सांगत होती ते ऐकायला आपण तयार नव्हतो.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये मोठी पाहणी प्रसिद्ध केली. त्यात महाराष्ट्रासह १३ राज्यांतील बारा हजारांवर मुलांशी बोलले गेले. तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक मारहाण सोसल्याचे सांगितले. घरात मार खाल्लेल्या मुलांपैकी शंभरात ८८ जणांना मारणारे आई किंवा वडीलच होते. ही सगळी गुन्हेगारांची घरे नव्हती. ती तुमच्या-आमच्यासारखीच घरे होती.

दुसरी बाजूही पाहा

आता वाचकांनी दुसऱ्या टोकाला जाऊ नये म्हणून हेही सांगतो. प्रत्येक निळा डाग म्हणजे मार नव्हे.

आपल्याकडच्या बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मतः निळसर-करडे डाग असतात. ते दुखत नाहीत आणि चार-पाच वर्षांत आपोआप फिके होतात. रक्त न गोठण्याच्या आजारात, म्हणजे हिमोफिलियात, किंवा रक्तातील बिंबिका कमी झाल्या तर साध्या धक्क्यानेही मोठे डाग पडतात. जन्मल्यावर ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन न मिळालेल्या तान्ह्या बाळाला काही आठवड्यांनी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. घरी झालेल्या बाळंतपणात हे इंजेक्शन हमखास राहते. मुडदूस झालेल्या मुलांची हाडे मऊ असतात. काही मुलांची हाडे जन्मतःच काचेसारखी ठिसूळ असतात. कातडीवरचा पुवाळलेला संसर्ग कधी विडीच्या चटक्यासारखा दिसतो. नवजात मुलीच्या लंगोटाला पहिल्या आठवड्यात रक्ताचा डाग लागला, तर तो पुष्कळदा आईकडून आलेल्या संप्रेरकांचा परिणाम असतो. म्हणून रक्त तपासणी, एक्स-रे, डोळ्यांची तपासणी हे सर्व करावे लागते. नुसत्या संशयावर कोणाला आरोपी ठरवणे हाही अन्यायच.

जर्मनीतील बर्लिनचे प्रकरण येथे आठवते. नोकरीनिमित्त तेथे गेलेल्या एका भारतीय गुजराती दांपत्याची सात महिन्यांची मुलगी सप्टेंबर २०२१ मध्ये तेथील बालकल्याण खात्याने ताब्यात घेतली. लंगोटाला रक्त दिसले म्हणून आई-वडील स्वतःच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. दुखापत पाहून डॉक्टरांना अत्याचाराचा संशय आला. आई-वडील म्हणत होते, हा अपघात आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांच्यावरील फौजदारी चौकशी आरोपपत्राविना बंद झाली. तरीही १३ जून २०२३ रोजी बर्लिनच्या न्यायालयाने मुलीचा ताबा आई-वडिलांना देण्यास नकार दिला. भारतातील १९ पक्षांच्या ५९ खासदारांनी जर्मन राजदूतांना पत्र लिहिले, आपल्या परराष्ट्र मंत्रालयानेही विषय मांडला.

“पोलिसांनी प्रकरण बंद केले, मग मूल का देत नाहीत?” असा प्रश्न तेव्हा मला अनेकांनी विचारला. कारण असे की या दोन वेगळ्या सुनावण्या असतात. फौजदारी न्यायालय विचारते, गुन्हा कोणी केला आणि तो संशयापलीकडे सिद्ध झाला का? मुलाच्या ताब्याचे न्यायालय विचारते, हे मूल उद्या कुठे सुरक्षित राहील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘सिद्ध नाही’ असे आले म्हणून दुसऱ्याचे उत्तर आपोआप मिळत नाही. पण या दुसऱ्या प्रश्नात वर्षे गेली, तर मूल आपली भाषा, आपली माणसे विसरते. तीही इजाच असते, फक्त ती एक्स-रेमध्ये दिसत नाही. डॉक्टरने संशय घ्यावा, पण संशय म्हणजे निकाल नव्हे, हे या प्रकरणातून शिकावे.

साक्षीच्या पिंजऱ्यात

काही वर्षांपूर्वी धुळ्याच्या न्यायालयात मला साक्षीसाठी बोलावले होते. आठ वर्षांच्या एका मुलाला मी तपासले होते. त्याच्या मांड्यांच्या मागच्या बाजूला आणि पाठीवर वळ होते. घरच्यांनी ‘पायरीवरून पडला’ असे सांगितले होते. मी केसपेपरवर ‘पडल्याने झालेली जखम’ असे न लिहिता ‘पडल्याचे नातेवाईक सांगतात’ असे लिहिले, प्रत्येक वळाची लांबी-रुंदी मोजून लिहिली, आकृती काढली आणि पोलिसांना कळवले.

आरोपीच्या वकिलांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, पायरीवर पडून असा वळ उठू शकतो का?”

मी म्हणालो, “एक वळ उठू शकतो.”

“म्हणजे ही जखम पडल्याने झाली असण्याची शक्यता तुम्ही नाकारत नाही?”

“एका वळाची नाकारत नाही. येथे सात वळ आहेत. सातही एकाच रुंदीचे, निरनिराळ्या दिशांचे आणि सगळे मागच्या बाजूला. एकदा पायरीवर पडून ते होत नाहीत.”

एवढेच माझे काम होते. कोणी मारले, का मारले, शिक्षा काय व्हावी, यातले काहीही मला ठाऊक नव्हते आणि मी ते सांगितलेही नाही. परंतु त्या दिवशी न्यायालयात कामी आले ते माझे बोलणे नव्हे, तर दोन वर्षांपूर्वीचा तो मोजमापांचा कागद. माझ्या तरुण डॉक्टर मित्रांना माझे हेच सांगणे आहे. ‘पडल्याने’ आणि ‘पडल्याचे सांगतात’ यांत जो फरक आहे, त्यावर एखाद्या मुलाचे पुढचे आयुष्य अवलंबून असू शकते. शक्य असेल तेव्हा मुलाशी थोडा वेळ एकट्याने बोला आणि ते जे शब्द वापरते तेच शब्द लिहा.

कायदा काय म्हणतो?

“माझे मूल आहे, मी मारीन नाहीतर काही करीन” असे म्हणणाऱ्यांसाठी. मुलाच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीला पालकाला संरक्षण देणारे कलम जुन्या भारतीय दंड संहितेत होते, नव्या न्याय संहितेतही आहे. पण त्याला मर्यादा आहे. मृत्यू किंवा गंभीर इजा होईल असे माहीत असताना केलेली मारहाण ‘भल्यासाठी’ या शब्दाखाली लपत नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ नुसार ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला क्रूरपणे वागवले, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आई-वडील त्यातून सुटलेले नाहीत. शाळेत मारायला तर शिक्षण हक्क कायदा २००९ ने बंदीच आहे.

लैंगिक अत्याचाराबाबत कायदा अधिक कडक आहे. ‘पोक्सो’ म्हणजे २०१२ च्या कायद्यानुसार असा प्रकार कळल्यास पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, मग तो डॉक्टर असो, शिक्षक असो वा नातेवाईक. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रामाणिक हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशी व्यक्ती त्या वेळी जवळ हवी. सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही रुग्णालयाने अशा बालकावर ताबडतोब आणि मोफत प्रथमोपचार केलेच पाहिजेत. ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ असे म्हणता येत नाही.

कळवायचे कुठे? १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा आता सरकारमार्फत चालते आणि ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाशी जोडलेली आहे. फोनला पैसे पडत नाहीत. मूल स्वतःही फोन करू शकते. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत बाल कल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहेत. संकटातील मुलाला पोलीसच नव्हे, तर डॉक्टर, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ता किंवा कोणीही जबाबदार नागरिक २४ तासांच्या आत समितीपुढे नेऊ शकतो. गंभीर दुखापतीसाठी जळगावचे आणि धुळ्याचे अशी दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत.

“पण एकदा कळवले की मूल घरातून काढून घेतील ना?” ही भीती मी पुष्कळ आजीबाईंच्या तोंडून ऐकतो. तसे नाही. मुलाने शक्य तोवर आपल्याच कुटुंबात वाढावे आणि संस्था हा शेवटचा उपाय असावा, असे आपला कायदाच म्हणतो. पुष्कळदा आई-वडिलांना समज देणे, समुपदेशन, काही दिवस आजी-आजोबांकडे किंवा मामाकडे ठेवणे, बापाची दारू सोडवणे, आईच्या बाळंतपणानंतरच्या उदासीनतेवर उपचार करणे, एवढ्याने घर सावरते.

आई-वडिलांना चार शब्द

हात उगारला जातो तो बहुतेक वेळा मुलाच्या चुकीमुळे नव्हे, तर आपल्या थकव्यामुळे, कर्जामुळे, भाऊबंदकीच्या रागामुळे किंवा दारूमुळे. राग आला की त्या खोलीतून बाहेर पडा. वीस आकडे मोजा, तोंडावर पाणी मारा, ओट्यावर जाऊन बसा. तान्हे बाळ रडून थांबत नसेल तर त्याला पाळण्यात उताणे सुरक्षित ठेवा, दार लोटा, दहा मिनिटे बाहेर या आणि सासूला, जावेला किंवा शेजारणीला हाक मारा. रडून बाळाला काही होत नाही, झटके दिल्याने होते. बाळंतपणानंतर आईला सतत रडू येत असेल, बाळाविषयी नको ते विचार येत असतील, तर ‘बाहेरचे काही’ म्हणून अंगारे-धुपारे करत बसू नका, डॉक्टरकडे आणा.

पोट फुगले म्हणून बाळाच्या पोटावर डागण्या देणाऱ्या घरांनाही हेच सांगणे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटातील अवघ्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर गरम विळ्याचे चटके दिल्याचे उघडकीस आले होते. चटके देणाऱ्याचा हेतू बरे करण्याचा असतो, हे मी मानतो. पण बाळाच्या कातडीला हेतू कळत नाही.

परीक्षांबद्दलही बोलले पाहिजे. दरवर्षी निकालाच्या दिवसांत दवाखान्यात पोटदुखी, डोकेदुखी, चक्कर अशा तक्रारी घेऊन मुले येतात. तपासले तर काही सापडत नाही. खिशात गुणपत्रिका असते. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक मुलाला जागा मिळत नाही, मिळणारही नाही. मी स्वतः डॉक्टर आहे म्हणून सांगतो, डॉक्टर न होताही माणूस सुखाने जगतो. मारून गुण वाढत नाहीत. मार खाल्लेले मूल खोटे बोलायला शिकते, गुणपत्रिका लपवायला शिकते आणि पुढे आपल्या मुलांना मारायला शिकते. तुम्ही मार खाऊन मोठे झालात हे खरे आहे. पण तो मार कसा लागला होता, ते तुम्हाला आजही आठवते ना?

शेवटी शेजाऱ्यांसाठी. भिंतीपलीकडून रोज रात्री मुलाचे किंचाळणे ऐकू येत असेल, तर ‘त्यांच्या घरचा मामला आहे’ म्हणून रेडिओचा आवाज वाढवू नका. साखर मागायच्या निमित्ताने का होईना, दार वाजवा. मूल चार दिवस शाळेत दिसले नाही तर गुरुजींनी घरी चक्कर मारावी. आत्याने, मावशीने भाच्याला जवळ घेऊन विचारावे, “काय झाले रे?” त्याने ‘पडलो’ म्हटले तर रागावू नये, खोदूनही विचारू नये. “बरं, पुन्हा कधी पडलास तर मला सांगशील?” एवढेच म्हणावे. मुले लगेच सांगत नाहीत. पण कोणाला सांगायचे, ते लक्षात ठेवतात.